खात्रीच्या गोगलगायी

त्या रविवारी खात्रीराव नुसते गप्प बसले असते, तर त्यांच्या मागच्या अंगणात आजही तळं असतं. पण गप्प बसणं ही कला त्यांना कधी साधलीच नाही. (ते झोपेतही बोलतात, आणि बायकोचं म्हणणं असं की झोपेतलं बोलणं त्यातल्या त्यात बरं असतं.)

खात्रीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना तसं म्हणायचे, कारण 'मी खात्रीने सांगतो' हे शब्द पुढे पाठवल्याशिवाय त्यांचं कुठलंच वाक्य तोंडाबाहेर पडत नसे. आज पाऊस येणार नाही, हे ते खात्रीने सांगत आणि संध्याकाळी निथळत घरी येत. अशा वेळी चूक पावसाची असे.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. एका मोठ्या कचेरीत ते चौकशीच्या खिडकीत बसत. "दाखला कुठे मिळेल हो?" असं कुणी विचारलं, की मान वर न करता सांगत, "उजवीकडे, शेवटची खिडकी." माणूस जाई, हमखास केरसुण्या ठेवायच्या खोलीत शिरे आणि तोंड पाडून परत येई. मग खात्रीराव तेच पुन्हा सांगत, फक्त आवाज चढवून. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. "लोकांना साधं डावं-उजवं कळत नाही," रोज घरी आल्यावर बूट काढता काढता ते म्हणत, "आणि यांना दाखले हवेत."

तर तळ्याची गोष्ट. मागच्या अंगणात खात्रीरावांनी स्वतः खपून, सिमेंट कालवून एक तळं बांधलं होतं. ते त्याला तळं म्हणत, शेजारचे निवृत्त हेडमास्तर हौद म्हणत आणि बायको डबकं म्हणे. आधी त्यात मासे होते, ते गेले. मग कमळ लावलं, ते रुसलं. उरलं ते पाणी, आणि तेही असं हिरवंगार, की त्यात पडलेला चमचा परत दिसायची आशा कुणी धरू नये. पण ऑफिसातून आल्यावर खात्रीराव चहाचा कप घेऊन त्याच्याच काठावर बसत. दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकल्यावर, काहीही न विचारणारी अशी ती एकच जागा होती. त्या तळ्यावर त्यांचा मनापासून जीव होता.

बायकोचा जीव तळ्याखालच्या जागेवर होता. ती शिवणाचा क्लास घेई. पुढच्या खोलीत मशिनी, जेवायच्या टेबलावर कापड, पलंगावर कागदी कटिंग. रात्री अंग टाकायच्या आधी खात्रीरावांना कुणाचा तरी बिनबाह्यांचा फ्रॉक उचलून बाजूला ठेवावा लागे. तळं बुजवून तिथे क्लासची खोली बांधावी, हे ती पूर्वी ओरडून सांगे, अलीकडे शांतपणे सांगू लागली होती. (बायको ओरडते तोवर धोका नसतो.)

त्या रविवारी तिचा धाकटा भाऊ आला. तो बांधकामाची कामं घेई, त्यामुळे कुणाच्याही घरी गेला तरी आधी टेप काढून मोजत सुटे. तळ्याच्या काठावर उभा राहून त्याने टेप ओढली आणि डोळे बारीक केले.

"दाजी, हे बुजवलं की ऐसपैस खोली निघते बघा. खिडकी इकडे, दार तिकडे."

"पाणी तर बघ त्यातलं," बायको म्हणाली. "डाससुद्धा नाक मुरडतात."

"महिन्याभरात तळ दिसेल, तळ!" खात्रीराव उसळले.

"तो कसा?"

कसा, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. पण आदल्या दिवशी फोनवर काहीतरी पाहिलं होतं, ते ऐन वेळी धावून आलं. "गोगलगायी! पाण्यातल्या. शेवाळावरच जगतात. सोडल्या की संपलं, पाणी आरशासारखं."

"मग त्यांची पिल्लंही होणार," मेहुणा टेप गुंडाळत म्हणाला. सहज म्हणाला बिचारा.

"पिल्लं?" खात्रीरावांनी हात वर केला. "मी खात्रीने सांगतो, या तळ्यात एक पिल्लू, एक जरी पिल्लू दिसलं ना, तर मी स्वतः, माझ्या हातांनी हे तळं बुजवून तुझ्या ताईला जागा मोकळी करून देईन!"

याची काही गरज होती का? कुणी अट घातली होती? कुणी पैज लावली होती? पण शब्द सुटला. बायकोने दातात धरलेली टाचणी काढून पदराला टोचली.

"ऐकलंस ना रे?" ती भावाला म्हणाली.

"ऐकलं, ताई."

"मास्तर, तुम्ही ऐकलंत?"

"शब्दन् शब्द," भिंतीपलीकडून हेडमास्तर म्हणाले. ते भिंतीपलीकडे असतातच.

माशांच्या दुकानात गेल्यावर खात्रीरावांना पहिला धक्का बसला. दुकानदार म्हणाला, "या गोगलगायी अंडी घालत नाहीत, साहेब. पोटातच वाढवतात आणि थेट पिल्लं टाकतात. शंखासकट, तयार माल."

"टाकतात म्हणजे? मला एकही नको."

"मग एकाच जातीच्या न्या. नर तरी, नाहीतर माद्या तरी."

"माद्याच द्या," खात्रीराव म्हणाले. "कामाला चिवट असतात." (हे त्यांनी घरात पाहिलं होतं.)

"निवडा तुम्हीच, माझं गिऱ्हाईक थांबलंय. सोपं आहे. उजवं शिंग आखूड आणि वाकडं असेल तर नर. दोन्ही शिंगं सरळ असतील तर मादी."

समोर काचेची मोठी टाकी होती आणि गोगलगायी काचेला पोट लावून सावकाश वर चढत होत्या, थेट खात्रीरावांकडे तोंड करून. चौकशीच्या खिडकीत येणाऱ्या माणसांसारख्याच, फक्त जरा जास्त सभ्य. खात्रीरावांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि एकेकीचं उजवीकडचं शिंग तपासायला सुरुवात केली. सरळ. हिचंही सरळ. त्या कोपऱ्यातलीचंही सरळ. डावीकडची काही शिंगं वाकडी होती, पण त्यांच्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. दुकानदाराने उजवं म्हटलं होतं, आणि खात्रीराव सूचना काटेकोरपणे पाळणारे गृहस्थ होते.

"तुमच्याकडे सगळ्या माद्याच आहेत!"

दुकानदार वळला. "सगळ्या? असं कसं होईल?"

"मी खात्रीने सांगतो."

ज्याला खात्री आहे आणि ज्याच्या हातात पाकीट उघडं आहे, अशा माणसाशी कुठलाही दुकानदार वाद घालत नाही. खात्रीराव पिशवीभर 'माद्या' घेऊन घरी आले, त्यांनी त्या समारंभपूर्वक तळ्यात सोडल्या आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "सगळ्या बायका आहेत हो मास्तर! पिल्लाबिल्लाची बातच नाही."

"असं का?" भिंत म्हणाली.

आणि मंडळी, तळ दिसला! महिना लागला नाही, दोन लागले, पण दिसला. आधी काठाचं शेवाळ गेलं, मग पाणी विरळ झालं आणि एके दिवशी खालचं सिमेंट दिसलं. त्यावर खात्रीरावांनी ओलं असताना काढलेली स्वतःची सहीसुद्धा दिसली. मग ते कुणालाच सोडेनात. दूधवाल्याला तळ दाखवला. मीटर बघायला आलेल्याला तळ दाखवला. क्लासच्या बायकांना मशिनीवरून उठवून तळ दाखवला. बायकोने एकदा बघितला आणि म्हणाली, "स्वच्छ आहे." एवढंच. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं मिळालं तरी माणसाची छाती फुगते.

ती फुगलेली असतानाच एका सकाळी, तोंडात ब्रश धरून काठावर उभं असताना, त्यांना पाण्याखाली वाटाण्याएवढा खडा दिसला. काल नव्हता. खात्रीराव वाकले. खड्याने दोन शिंगं बाहेर काढली.

खात्रीरावांनी टूथपेस्ट गिळली.

शेजारी आणखी एक खडा होता. त्याच्या मागे दोन. सगळे चालत होते. खात्रीरावांच्या पाचावर धारण बसली, पण त्यांच्या डोक्यात 'आपलं चुकलं असेल' हा विचार एकदाही आला नाही. तिथे तशा विचाराला वाटच नव्हती. सगळ्या माद्या आहेत, ही गोष्ट ठरलेली. मग पिल्लं बाहेरून आली. बाहेर म्हणजे कुठून? ते तसेच, तोंडाला फेस असताना, भिंतीशी गेले.

"मास्तर, तुमच्या बागेत गोगलगायी आहेत?"

"आहेत की. सगळा कोबी खाल्ला मेल्यांनी."

"त्या भिंत चढून आमच्याकडे येतात."

"त्या जमिनीवरच्या हो. तुमच्या हौदात पडल्या तर बुडून मरतील."

"म्हणजे तुम्ही टाकल्याच नाहीत?"

"मी? मी कशाला टाकू?" मास्तरांची मान भिंतीवर आली. "का? पिल्लं झाली की काय?"

"छे छे! उगाच आपलं विचारलं," खात्रीराव म्हणाले आणि फेस पुसत घरात पळाले.

आता प्रश्न एवढाच होता, की बायको मागच्या दारी यायच्या आत पिल्लं नाहीशी करायची. मारायची? खात्रीराव लोकांवर खेकसतात, पण जिवंत प्राणी त्यांच्या हातून मरत नाही. शिवाय ती चिमुकली शिंगं त्यांना, खरं सांगायचं तर, आवडली होती. तेवढ्यात ओट्यावर डबा दिसला. वरच्या कप्प्यात पोळ्या, मधल्यात भाजी, खालचा कप्पा रिकामा. खात्रीरावांनी त्यात थोडं पाणी घेतलं आणि पिल्लं भरली.

कचेरीच्या दारात एक दगडी कुंड होतं. पूर्वी कधी त्यात कारंजं उडे म्हणतात, आता नुसतं हिरवं पाणी साठलेलं असे. खात्रीरावांनी इकडे तिकडे बघितलं आणि खालचा कप्पा त्यात उलटा केला. मग ते रोजचंच झालं. सकाळी वेचायचं, डब्यात भरायचं, कुंडात ओतायचं. गोगलगायींनी मात्र एकही सुट्टी घेतली नाही.

"हल्ली डबा फार ओला येतो," एकदा बायको म्हणाली.

"रस्सा सांडला."

"मी सुकी भाजी दिली होती."

"घाम सुटला असेल भाजीला. उकाडा काय कमी आहे?"

बायकोने डबा घासायला घेतला. आपण ताकास तूर लागू दिली नाही, या आनंदात खात्रीराव त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले.

काही महिन्यांनी साहेब कुंडाजवळ थबकले. साहेब म्हणजे कचेरीचे मुख्य, आजवर त्यांनी खात्रीरावांकडे फक्त घड्याळ बघताना बघितलं होतं.

"पाणी स्वच्छ कसं झालं हो हे? कुणी केलं?"

इथेही गप्प बसता आलं असतं. शिपाई गप्प बसला होता, जमादार गप्प बसला होता. खात्रीराव खिडकी सोडून धावत आले. "मी, साहेब! गोगलगायी सोडल्यात. सगळ्या निवडून माद्या. वाढायची मुळीच भीती नाही, मी खात्रीने सांगतो."

"वा! आमच्या हिलाही हव्यात. बंगल्यातल्या टाकीत फार शेवाळ झालंय."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीतून बाटलीभर गोगलगायी बंगल्यावर गेल्या. साहेबांनी खात्रीरावांची पाठ थोपटली, आणि ती पाठ आठवडाभर ताठ राहिली. त्या भरात त्यांनी हेडमास्तरांनाही बागेच्या पिंपासाठी ओंजळभर देऊन टाकल्या. मास्तरांनी विचारलं, "नक्की ना?" खात्रीरावांनी जे उत्तर दिलं ते तुम्हीही सांगू शकाल.

पुढचं सगळं एकदमच अंगाशी आलं. कचेरीतलं कुंड भरलं. पाण्याऐवजी नुसते शंख दिसू लागले. कुंडातून गोगलगायी पायरीवर आल्या, आणि एका वृद्ध गृहस्थांच्या बुटाखाली 'कर्र' असा आवाज झाल्यावर त्यांनी लेखी तक्रार केली. बंगल्यावर साहेबांच्या बायकोने टाकीची तोटी उघडली तर पाण्याची धार येईना. तोटीतून आधी दोन शिंगं आली. हेडमास्तरांच्या पिंपात झारी बुडवली की झारी जडच वर येई.

रविवार उजाडला. खात्रीराव चहाचा कप घेऊन काठावर बसले होते, एवढ्यात पुढच्या दाराशी गाडी थांबली. साहेब, साहेबांची बायको आणि दोन बादल्या आत आल्या. त्यांच्या मागोमाग भिंतीला वळसा घालून हेडमास्तर एक बादली घेऊन आले. आणि हे कमी म्हणून की काय, मेहुणाही आला, आणि त्याच्या मागे विटांच्या तुकड्यांनी भरलेली ट्रॉली.

"तू कसा काय आज?" खात्रीरावांनी विचारलं.

"ताईने बोलावलं."

"माद्या म्हणाला होतात तुम्ही!" साहेबांनी बादली खाली आपटली. "सगळ्या माद्या! हे काय आहे?"

"माद्याच आहेत, साहेब," खात्रीराव म्हणाले. "आत्ता सिद्ध करून दाखवतो."

म्हणजे बघा, तीन बादल्या भरून पिल्लं समोर असताना हा माणूस सिद्ध करायला निघाला. जेवायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून त्यांनी काचेचं भांडं ठेवलं, त्यात पाणी ओतलं आणि तळ्यातली एक मोठी गोगलगाय सोडली. सगळे गोळा झाले. टेबलाच्या अलीकडे खात्रीराव, साहेब आणि मास्तर. पलीकडे बायको, कारण पलीकडे तिची मशीन होती आणि ती काज करत होती. गोगलगाय जरा वेळ लाजली, मग तिने काचेला पोट लावलं आणि खात्रीरावांकडे तोंड करून चढू लागली.

"बघा," खात्रीरावांनी पेन्सिल काचेवर टेकवली. "उजवं शिंग. सरळ आहे की नाही? सरळ म्हणजे मादी. आणखी काय पुरावा हवा?"

"सरळ आहे खरं," साहेब म्हणाले.

"सरळच आहे," मास्तर म्हणाले.

"मला वाकडं दिसतंय," बायको म्हणाली.

"कुठलं?"

"उजवंच."

"तू उलटीकडून बघतेयस!"

"मी तिच्या बाजूने बघतेय," बायको म्हणाली. "शिंग तिचं आहे ना? मग उजवी बाजूही तिचीच धरायला हवी, तुमची कशी धरणार? गिऱ्हाइकाची उजवी बाही मी माझ्या उजवीकडे शिवली असती, तर एव्हाना क्लासला कुलूप लागलं असतं."

खात्रीरावांनी पेन्सिलीकडे पाहिलं, गोगलगायीकडे पाहिलं, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग ते सावकाश टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि वाकले. उजवं शिंग आखूड होतं, वाकडं होतं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ते टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले होते. (बायकोच्या मते एवढ्या वर्षांत.)

"नर आहे," ते पुटपुटले.

"आणि रोज डब्यात न्यायचात ती याचीच पिल्लं," बायको म्हणाली.

"तुला... तुला माहीत होतं?"

"डबा मीच घासते ना? भाजीला शिंगं फुटत नाहीत, एवढं कळतं मला."

हेडमास्तरांनी खोकल्यासारखं केलं. पण साहेब हसत नव्हते. ते खात्रीरावांकडे टक लावून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवत होतं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसता. लोकांना उजवीकडे जा म्हणता, ते कुणाच्या उजवीकडे?"

खात्रीरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच मिटलं.

"म्हणून सगळे केरसुण्यांच्या खोलीत जातात!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "आणि मी ती खोली हलवायचा प्रस्ताव मंजूर करून बसलोय!"

शब्द तो शब्द. मेहुण्याने ट्रॉली तळ्यापर्यंत आणून दिली, पण फावडं मात्र खात्रीरावांच्या हातात दिलं. "माझ्या हातांनी म्हणाला होतात ना, दाजी." गोगलगायी बादल्यांत भरून माशांच्या दुकानात परत गेल्या. खात्रीरावांनी पाणी उपसलं. तळाशी आपली सही दिसली तेव्हा त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. मस्करीचा भाग सोडा, त्यांना खरोखर फार वाईट वाटलं. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं बायकोला सोसेना. ती बाहेर येऊन चहाचा कप त्यांच्या शेजारी ठेवून गेली.

"एक टब ठेवा हवं तर," ती आत जाता जाता म्हणाली. "खोलीच्या मागे जागा उरेल थोडी."

खात्रीराव टब आणायला धावलेच. पण आता त्यांना अद्दल घडली होती. त्यांनी टबात एकच गोगलगाय ठेवायची ठरवली, आणि तीही मादी. तिची तपासणी त्यांनी चारही बाजूंनी केली. बायकोकडून करवून घेतली, मेहुण्याकडून करवून घेतली, मास्तरांना चष्मा आणायला लावून करवून घेतली. एकटी मादी, सगळ्यांच्या साक्षीने. साहेबांनी मात्र त्यांना चौकशीच्या खिडकीतून उठवून मागच्या रेकॉर्डरूममध्ये बसवलं. तिथे कुणी काही विचारायला येत नसे, आणि खात्रीराव घरी येऊन त्याला बढती म्हणत.

खोली झाली. मशिनी तिकडे गेल्या, पलंगावरचे फ्रॉक उठले आणि जेवायच्या टेबलावर माणसं जेवू लागली. काही महिने बरे गेले. मग एका सकाळी खात्रीराव टबात डोकावले, तर काय! वाटाण्याएवढे खडे, आणि सगळे चालत होते. ती मादी आहे याची सगळ्यांनी खात्री केली होती. ती पोटुशी नाही याची कुणीच केली नव्हती.

या वेळी ते खरोखर निर्दोष होते, आणि म्हणून जास्तच घाबरले. खोलीच्या दाराशी जाऊन ते म्हणाले, "हे बघ, शपथेवर सांगतो, ती एकटीच होती. मी काही केलेलं नाही."

बायको गळ्यात टेप अडकवून बाहेर आली, टबावर वाकली आणि हसली. "अगं बाई! किती गोड आहेत."

"गोड?" खात्रीरावांचा आवाज फाटला. "मग तेव्हा का नाही म्हणालीस? मी इतके महिने डब्यात..."

"तेव्हा तुम्ही विचारलंत कुठे? पिल्लं नकोत असं मी एकदा तरी म्हटलं होतं का? मला खोली हवी होती. बाकी सगळं तुमचं तुम्हीच बोललात."

खात्रीराव टबाजवळच्या विटेवर बसले आणि पिल्लं मोजू लागले.

पिल्लं मोठी झाली. साहेबांची बायको आता क्लासला येत असे, तिने टब पाहिला. बंगल्यातल्या टाकीत पुन्हा शेवाळ धरलं होतं. "मला चारपाच द्या," ती म्हणाली, "पण या वेळी खरोखर एकाच जातीच्या. पिल्लं नकोत बाई."

खात्रीरावांनी दोन वाट्या घेतल्या आणि निवडायला बसले. आता उजव्याचं डावं करायचं, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की गोगलगाय पाठ करून चाललेली असली तरी ते उलटंच धरत, आणि जिचं शिंग तरीही वाकडं दिसे, तिला संशयित म्हणून दुसऱ्या वाटीत टाकत. दोन वाट्या भरल्या. "ही माद्यांची," ते म्हणाले, "आणि ही मिसळलेली."

साहेबांच्या बायकोने त्यांच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने मशिनीवरून मान वर न करता हळूच सांगितलं, "ते फार मोठे जाणकार आहेत. दुसरी वाटी घ्या."

तिने दुसरी घेतली. पुढे अनेक महिने बंगल्यातल्या टाकीचं पाणी नितळ राहिलं आणि त्यात एकही पिल्लू दिसलं नाही. एक दिवस साहेबांनी रेकॉर्डरूममधून खात्रीरावांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला.

"तुमची मला आता खरी किंमत कळली," साहेब म्हणाले. "यापुढे दर सोमवारी सकाळी येऊन भेटत जा. बदल्या असतात, नेमणुका असतात, खरेदी असते. मी सगळं तुमच्यापुढे ठेवीन, तुम्ही तुमचं मत द्यायचं. ते ऐकल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करणार नाही."

खात्रीराव त्या दिवशी तरंगतच घरी आले. बूट न काढताच ते सरळ क्लासच्या खोलीत शिरले आणि सगळ्या बायकांसमोर त्यांनी ही बातमी सांगितली.

"हो, साहेबांच्या बाई म्हणाल्या मला," बायको म्हणाली. "साहेबांना तुमचा फार उपयोग होणार म्हणे, वाट्या निवडताना झाला तसाच." आणि तिने खाली बघून मशीन सुरू केली.